यंत्राला न दिसलेली मेंदी

बाळांनो,

आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजीचे गुडघे दुखतात, म्हणून आजी यंदाही आली नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्यांच्यामुळे माझं येणं अडलेलं नाही. माझ्याविरुद्ध एक चौकशी चालू आहे आणि ती संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. तुम्ही घाबराल म्हणून आईने हे तुमच्यापासून लपवलं. पण मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला सरळ विचारलं, आजी, तू काही चुकीचं केलंस का? तिला हे कुणाकडून कळलं ते मी विचारलं नाही. पडद्यावर दोन्ही चेहरे थांबून माझ्याकडे बघत होते आणि मी काहीतरी बोलून विषय बदलला. नंतर मला ते बरं वाटलं नाही. सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं पाहिजे, म्हणून आता लिहिते आहे. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

मी भूलतज्ज्ञ आहे हे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन करणारा डॉक्टर पोट उघडतो, तेव्हा माणसाला दुखू नये आणि त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब नीट राहावा, हे बघणं माझं काम. आमच्या तालुक्याच्या गावात हे काम करणारी मी एकटीच उरले आहे. माझ्यानंतर दोघं-तिघं आले. कुणी संभाजीनगरला गेलं, कुणी पुण्याला. सत्तरी जवळ आल्यावर मी दोनदा काम सोडलं आणि दोन्ही वेळा परत धरलं. कारण मी नसले की अडलेल्या बाईला गाडीत घालून बीडला नाहीतर अंबाजोगाईला पाठवावं लागतं, आणि त्या रस्त्यावर काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे. सोडावं तर सोडवत नाही आणि करावं तर वय झालं, अशी माझी गत होती. त्यात ते यंत्र आलं.

पूर्वी भुलीची नोंद आम्ही हाताने करायचो. चौकटींचा एक कागद असायचा. दर पाच मिनिटांनी रक्तदाबाच्या दोन खुणा आणि नाडीचा एक ठिपका. माझी बोटं आता आखडतात, खुणा वाकड्या यायला लागल्या होत्या. म्हणून हॉस्पिटलच्या मालकाने, म्हणजे तिथल्या सर्जनने, भुलीची नोंद आपोआप करणारी संगणकाची यंत्रणा घ्यायचं ठरवलं तेव्हा मी विरोध केला नाही. हा सर्जन माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला. थिएटरमध्ये मला मॅडम म्हणतो, बाहेर काकू.

कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता. गोड बोलणारा होता आणि आमच्याकडची भाकरी-ठेचा आवडीने खात होता. तो सांगायचा की या यंत्रांचा बाजार आता मोठ्या शहरांत मावत नाही, तो जिल्ह्याजिल्ह्यांत चालला आहे. विमा कंपन्यांना अशी नोंद लागते, सरकारी योजनांना लागते, नातेवाइकांना रंगीत प्रिंट दिला की हॉस्पिटलचं नाव होतं. मॉनिटरवर जे दिसेल ते यंत्र स्वतः टिपून घेतं आणि ऑपरेशन संपलं की नोंद बंद होते. मग ती कुणाला खोडता येत नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. हे तो फार अभिमानाने सांगायचा. सर्जन हसून म्हणाला, "काकू, आता तुम्हाला निवांत बसता येईल."

काही महिने खरंच निवांत गेले. यंत्र दमत नाही, विसरत नाही. मला ते आवडायला लागलं होतं.

मग श्रावणातली पंचमी आली. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, हातभर मेंदी काढतात. तुमची आई लहानपणी तळहात चादरीला लागू नयेत म्हणून कोपरं वर करून झोपायची, ते तिला विचारा. आता कोन मिळतात आणि त्यांत काळी झटपट मेंदी असते. पोरी बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत काळी करून घेतात.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवरून एका मुलीला आणलं. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. सासर तिकडे आष्टी तालुक्यात, कड्याच्या पुढे. बाळाचे ठोके मंदावत होते, सिझर लगेच करायचं होतं. मी तिला पाठीत इंजेक्शन दिलं. या भुलीत बाई झोपत नाही, फक्त कमरेखालचं तिला कळत नाही. मग तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. कोरोनात तो तुम्हीही पाहिला असेल. तो बोटातून उजेड आरपार पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. तिची दहाही बोटं काळी होती. उजेड मेंदीत अडला आणि मॉनिटरने आकडा दाखवला, ब्याऐंशी. खरोखर ब्याऐंशी असतं तर ती निळी पडली असती, गुंगली असती. ती तर माझ्याशी बोलत होती.

"बाई, लेकरू रडलं का?" बाळ अजून बाहेर यायचं होतं, तरी ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "कावून रडंना?"

तिचे ओठ गुलाबी होते, श्वास शांत होता. मेंदीचं सोंग मी पूर्वीही पाहिलेलं होतं. पण या इंजेक्शनने रक्तदाब खाली येतो, तसा तो आला होता आणि माझे दोन्ही हात सलाइन आणि औषधात गुंतले होते. यंत्र घंटा वाजवत राहिलं. बाजूची नर्स हात लांबवून घंटा बंद करत राहिली. ती पुन्हा वाजायची, नर्स पुन्हा बंद करायची. हात मोकळे झाल्यावर मी चिमटा काढून कानाच्या पाळीला लावला आणि आकडा लगेच वर आला. पडद्यावर एक यादी आली होती, आकडा का घसरला त्याचं कारण निवडा म्हणून. चिमटा सरकला, रुग्ण हलला, विजेचा अडथळा, इतर. मी इतर निवडलं. पुढे लिहायला जागा होती. तेवढ्यात बाळ बाहेर आलं. नाळ गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेली होती आणि बाळ रडत नव्हतं, म्हणून मी तिकडे धावले. बाळाला श्वास यायला वेळ लागला. ते रडलं, पण क्षीण. त्याला अंबाजोगाईला पाठवलं. टाके घालून झाले, मुलीला बाहेर नेलं आणि यंत्राने नोंद बंद केली; लिहायची ती जागा कोरीच राहिली.

कागद असता तर मी ज्यावर माझा विश्वास आहे तोच आकडा लिहिला असता आणि शेजारी मेंदी असा एक शब्द. यंत्राने मॉनिटरवर दिसलं ते लिहिलं. बोलणाऱ्या मुलीकडे ते कसं बघणार? शिवाय नर्सने जितक्यांदा घंटा बंद केली तितक्यांदा त्याने नोंद केली की धोक्याची सूचना भूलतज्ज्ञांनी पाहिली. पुढे माझं नाव. म्हणजे कुणीही वाचलं तर त्याला दिसेल की बाईचा ऑक्सिजन घसरत होता, मी ते पाहत होते आणि घंटा बंद करत होते.

अंबाजोगाईत बाळाला आकडी आली. बरेच दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सासरची माणसं कारण शोधत होती, आणि ज्यांचं लेकरू असं पेटीत आहे त्यांनी ते शोधायचं नाही तर कुणी? नाळेचं कारण सर्जनने सांगितलं, पण नाळ कुणाला दिसली नव्हती. हॉस्पिटलने दिलेला रंगीत प्रिंट मात्र हातात होता. मुलीचा दीर कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. त्याने त्यातली खाली गेलेली लाल रेघ बोटाने दाखवली. मग तक्रार गेली. ती जिल्ह्याला गेली, तिथून आणखी वर.

मी खुलासा लिहिला. इंग्रजीत, क्रमाने, एका पानावर. माझं इंग्रजी चांगलं आहे, मला अशी कामं जमतात. ऑक्सिजन कमी झालाच नव्हता, मेंदीमुळे आकडा चुकला. वकिलाने वाचलं आणि म्हणाला, उत्तम, पाठवून द्या. पाठवण्याआधी सर्जनने सासरच्या लोकांना बोलावून समजुतीने सांगून बघायचं ठरवलं. त्याच्या केबिनमध्ये सासू, सासरा आणि दीर आले. मुलगी आणि तिची आई दाराशी उभ्या राहिल्या. मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं की हा दोष मेंदीचा होता.

सासू उंच, काटक बाई. ऊसतोडीच्या टोळीवर आयुष्य काढलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी बोलायची थांबले तशी ती सावकाश दाराकडे वळली.

"मी तुला फोनवर काय म्हणलं व्हतं?" ती सुनेला म्हणाली. "दिवस भरलेत, नट्टापट्टा करू नको म्हणलं व्हतं का न्हाई? घातला ना लेकराचा घात."

मी म्हणाले, तसं नाही, मेंदीने बाळाला काहीही होत नाही. यंत्राची चूक आणि बाळाचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण खोलीतल्या कुणीही ते ऐकलं नाही. डाक्टरीणबाई मेंदीचा दोष म्हणाली, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. दीर म्हणाला की हे लिहून द्या. मुलीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्यानंतर बाळ बरं होऊन माहेरी आलं, पण बारशाला सासरहून कुणी आलं नाही. पहिल्या बाळंतपणानंतर सासरची माणसं बाळंतविडा घेऊन येतात आणि पुढे सुनेला घेऊन जातात, ही आमच्याकडची रीत. न्यायला कुणी आलं नाही, फोनही बंद झाला. एके दिवशी मुलीची आई माझ्या दारात येऊन बसली. आत बोलावलं तरी येईना. तिने मला दोष दिला नाही, तिने फक्त सांगितलं.

"तुमी मेंदी म्हणल्या, तवापासून तिकडून सबूद न्हाई बाई. पोर रात्रंदिस हात घासती. साबणानं घासती, राखंनं घासती."

ती गेल्यावर मी टेबलावरचा खुलासा पुन्हा वाचला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तो पाठवला असता तर माझी सुटका झाली असती आणि मेंदीवर सरकारी शिक्का बसला असता. तो कागद दिराच्या हाती पडला असता आणि ती मुलगी आयुष्यभर, लेकरू उशिरा चाललं तरी, शाळेत मागे पडलं तरी, त्या कागदाखाली राहिली असती. न पाठवावा तर यंत्राची नोंद तशीच उभी. घंटा वाजत होती आणि म्हातारी बंद करत होती. मधला शब्द मी शोधून बघितला. बाह्य कारणामुळे, असं लिहून पाहिलं. वकील म्हणाला, कोणतं बाह्य कारण ते पहिल्याच सुनावणीत विचारतील. तुमची आई फोनवर चिडली. म्हणाली, मेंदी होती ना आई, मग मेंदी लिही आणि विमानात बस. तिकीट काढलेलं होतं, ते रद्द करावं लागलं. मी मुदत मागून घेतली. तेवढ्या दिवसांत मी रोज थिएटरमध्ये जात होते, त्याच यंत्रासमोर बसत होते आणि ते माझ्या नावाने नोंदी करत होतं. चिमटा लावण्याआधी बोटं तपासायचा मला नादच लागला.

शेवटी मी कड्याकडे जायचं ठरवलं. सर्जन नको म्हणाला. वकील तर म्हणाला, तक्रारदाराच्या घरी जाणं म्हणजे दबाव आणणं, हे तुमच्यावरच उलटेल. मी जीप ठरवली आणि निघाले. मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला थांबला, तेव्हा समोरच्या जनरल स्टोअरमधून काळ्या मेंदीचा एक कोन घेतला. पर्समध्ये हॉस्पिटलचा चिमटा होता.

सासू घरीच होती, शेंगा फोडत ओट्यावर बसली होती. शेजारी थोरली जाऊ, म्हणजे त्या मुलीची मोठी जाऊ. मला बघून सासू उठली नाही, पण तिने थोरलीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्याले आणि म्हणाले, मला काही मागायचं नाही, एक गोष्ट दाखवायची आहे. आधी माझ्या बोटाला चिमटा लावते, मग त्याच बोटाला मेंदी लावून पुन्हा लावते.

"तुमचं मशीन न्हाई चालायचं," सासू म्हणाली. "तुमचं तुमच्यासारखंच बोलंल."

थोरली हसली आणि आत गेली. कोरोनातला चिमटा त्यांच्याही घरी होता, देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागे. त्यातले सेल संपले होते. तिने टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. मी माझ्या बोटाला लावून दाखवला. आकडा चांगला आला. मग मी कोन उघडला आणि बोटाच्या टोकाला टेकवला.

"थांबा," सासू म्हणाली.

मला कळेना. तिची नजर माझ्या मोकळ्या गळ्यावरून माझ्या बोटाकडे आली. तुमचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेल्यापासून मी मेंदी लावली नव्हती, लावायचं कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त उजेड आणि चिमटा होता. विधवा बाईने परक्याच्या ओट्यावर बसून बोटाला मेंदी लावणं तिथल्या बायकांना कसं दिसेल, हे मी जन्मभर या जिल्ह्यात राहूनही विसरले होते.

तिने माझ्या हातातून कोन काढून घेतला.

"तुमी नका लावू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पाहुणीला उन्हातून आत बस म्हणावं तसं ती बोलली. "माझ्या बोटाला लावा. मला चालती."

मी तिच्या तर्जनीचं टोक काळं केलं. बोट जाड आणि चिरा पडलेलं होतं, मेंदी चिरांमध्ये शिरली. सुकेपर्यंत चहा झाला. थोरली म्हणाली, मामंजींनी बघितलं तर म्हणतील म्हातारीला या वयात काय सुचलं, आणि सासूने तिला शेंगेचं टरफल फेकून मारलं. मग बोट धुतलं. ते कोळशासारखं काळं निघालं. चिमटा लावला. आधी आकडा येईचना, नुसत्या दोन रेघा आल्या. मग त्र्याऐंशी दिसला, मग ऐंशी. मी तिला शेजारचं बोट लावायला सांगितलं. सत्त्याण्णव. तिने स्वतःच चिमटा पुन्हा काळ्या बोटाला लावला, पुन्हा कोऱ्या बोटाला. असं तिने किती तरी वेळा केलं.

"मला तर काय बी होईना," ती म्हणाली.

"काही झालेलंच नाही. तुमच्या सुनेलाही झालं नव्हतं, बाळालाही मेंदीने झालं नाही. यंत्राला काळ्या बोटातून दिसत नाही, एवढंच."

"मंग लेकराला?"

"नाळेने. ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्यात कुणाच्याच हातात काही नव्हतं."

तिने चिमटा काढून मांडीवर ठेवला. मग ती शेंगा फोडायला लागली. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "लेकरू उजवा हात कमी हालवतंय म्हणं." मी म्हणाले, हो, त्याला व्यायाम लागेल, रोज लागेल आणि तो आईच करू शकेल. तिने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात सासरा आणि थोरली जाऊ जीप घेऊन गेले आणि मुलीला बाळासकट घेऊन आले. हे मला तिच्या आईने येऊन सांगितलं. तेव्हा ती घरात आली, खुर्चीवरही बसली.

मग मी खुलासा पाठवला. त्यात मेंदी शब्द आहे. त्याखाली आणखी एक परिच्छेद घातला, मराठीत, की मेंदीचा बाळाच्या त्रासाशी काहीही संबंध नाही, आणि तो दिराने घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा अशी विनंती केली. दिराने वाचला असं कळलं. तक्रार मागे घ्यायला तो तयार झाला, पण आता ती त्याची राहिलेली नाही, वर गेली आहे. तारीख पडते, मी बीडला जाते, कुणीतरी आलेलं नसतं, पुढची तारीख पडते. वकील म्हणाला होता तसं माझं कड्याला जाणंही उलटलं. निर्दोष होत्या तर घरी कशाला गेल्या, असा प्रश्न फाइलमध्ये आलेला आहे. मी त्याचं उत्तर दिलं आहे. ते पुरेल की नाही, मला माहीत नाही.

कंपनीच्या माणसाला मी विचारलं की त्या नोंदीत एक ओळ घालता येईल का. तो म्हणाला, मॅडम, नोंद बदलता येत असती तर तुमच्या हॉस्पिटलने यंत्र घेतलंच नसतं. ते बरोबर आहे. कारणांच्या यादीत मेंदी घाला, असंही सांगितलं. त्याने लिहून घेतलं. गेल्या वर्षभरात बीडमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत त्याने अशी आणखी यंत्रं बसवली. यादी अजून तीच आहे. आता आमच्या हॉस्पिटलच्या दारात पाटी आहे, ऑपरेशनला येताना बोटांना मेंदी लावू नये. ती वाचून बायका एकमेकींकडे बघतात. मी त्या पाटीखाली दुसरी लावायला लावली, मेंदी लावली असेल तर घाबरू नये, फक्त आम्हाला सांगावं. दोन्ही पाट्या आहेत.

तर मोठीच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, मी त्या मुलीच्या किंवा बाळाच्या बाबतीत काही चुकीचं केलं नाही. आणि मी एवढ्यात तुमच्याकडे येऊ शकणार नाही. ती नोंद यंत्रात आहे, ब्याऐंशीचा आकडा तिच्यात आहे आणि खाली माझं नाव आहे. मुलगी सासरी आहे. बाळ, उशिरा का होईना, बसायला लागलं आहे.